सहाशे रफ स्केचेस आणि एक चित्र

सबमिशनच्या आदल्या रात्री हॉस्टेलवर काय चालतं हे सांगायला नको. काच, खाली ट्यूबलाइट आणि दुसऱ्याच्या शीटवरून जीटी. मीही मारली आहे, खोटं कशाला बोलू? म्हणूनच अलेक्झांडर इवानोव्हबद्दल वाचलं तेव्हा जरा लाज वाटली.

इवानोव्ह रशियन चित्रकार. जन्म १८०६, सेंट पीटर्सबर्ग. वडील तिथल्या कला अकादमीत प्राध्यापक. १८३० मध्ये तो शिकायला इटलीला निघाला आणि रोममध्येच राहिला. तिथे एकच विषय डोक्यात बसला: जॉर्डन नदीचा काठ, बाप्तिस्मा देणारा योहान, भोवती गर्दी आणि लांबून एकटा चालत येणारा येशू. (कॉन्व्हेंटमध्ये आम्ही त्याला जॉन द बॅप्टिस्ट म्हणायचो. योहान हे नाव मला आत्ता कळलं!)

१८३७ मध्ये त्याने मोठा कॅनव्हास घेतला. साडेसात मीटर रुंद, ५.४ मीटर उंच. आणि त्यासाठी स्केचेस किती? सहाशेच्या आसपास! पॅलेस्टाइनला जायचं होतं, जमलं नाही. मग त्याने इटलीतच दगड, झाडं, पाणी, दलदल रंगवली. ज्यू लोकांचे चेहरे बघायला तो सिनेगॉगमध्ये जायचा. येशूच्या चेहऱ्यासाठी अपोलोच्या पुतळ्याचा अभ्यास केला. गर्दीतल्या एका माणसाला त्याचा मित्र, लेखक गोगोल याचा चेहरा आहे. गळ्यात दोर असलेला एक गुलाम आहे, त्याच्या चेहऱ्यावर दुःखातून हसू फुटतंय. तेवढ्या एका हास्यासाठी कितीतरी डोकी काढली.

यात वीस वर्षं गेली. १८५८ च्या मे महिन्यात तो चित्र घेऊन घरी परतला. प्रदर्शन झालं, पण लोकांचं एकमत झालं नाही. काही आठवड्यांतच कॉलराने तो गेला, वय ५१. झारने चित्र १५ हजार रुबलला घेतल्याची बातमी आली, ती तो गेल्यावर.

आज हे चित्र मॉस्कोच्या ट्रेत्याकोव्ह गॅलरीत आहे. गंमत म्हणजे त्या चित्रापेक्षा स्केचेसच जास्त जिवंत आहेत असं म्हणणारे बरेच आहेत. फोटो पाहून मलाही तसंच वाटलं. नुसते दगड आणि पाणी, पण बघत राहावंसं वाटतं. त्याच्या दृष्टीने मात्र ते सगळं रफ वर्क होतं.

आपण रफ वर्क जर्नल चेक झालं की फेकून देतो. आणि जीटीत तर रफ वर्क नसतंच. पुढची शीट स्वतः काढायची असं ठरवलंय. बघू, सबमिशनच्या आदल्या रात्री कितपत आठवतं ते!