वाळूतल्या चार रेघा

भोसरी-चाकणला इंडस्ट्रियल व्हिजिटला गेलात, तर पार्ट्सच्या खोक्यांवरची बारकोडची लेबलं पाहिली असतीलच. आज प्रोग्रॅममध्ये एक लायब्ररी घ्यायची, पार्ट नंबर द्यायचा, की झालं लेबल तयार! पण या रेघा पहिल्यांदा सुचल्या कोणाला?

नॉर्मन जोसेफ वुडलँड यांचा जन्म १९२१ साली अमेरिकेतल्या अटलांटिक सिटीत झाला. लहानपणी स्काउटमध्ये असताना ते मोर्स कोड शिकले. १९४७ मध्ये फिलाडेल्फियाच्या ड्रेक्सेलमधून ते मेकॅनिकल इंजिनिअर झाले. पुढच्याच वर्षी त्यांचा मित्र बर्नार्ड सिल्व्हर याच्या कानावर एक बोलणं पडलं. किराणा दुकानांच्या एका कंपनीचे प्रमुख डीनना विनवत होते, की बिल करताना मालाची माहिती आपोआप घेणारी पद्धत शोधून द्या. डीननी नकार दिला. या दोघांनी मात्र ते मनावर घेतलं!

आधी अल्ट्राव्हायोलेट शाई वापरून पाहिली. ती महाग होती आणि पुसटही व्हायची. वुडलँड मग मायामी बीचला आजोबांकडे जाऊन राहिले. एकदा किनाऱ्यावर मोर्स कोडचा विचार करता करता त्यांनी सहज वाळूत चार बोटं ओढली... टिंबं आणि डॅश लांबवले तर जाड-बारीक रेघा होतात, हे त्यांना तिथेच दिसलं.

१९५२ मध्ये पेटंट मिळालं, पण काळ तयार नव्हता. त्यांच्या पहिल्या यंत्रात ५०० वॅटचा दिवा होता, त्याने कागद जळू लागायचा! लेझर, स्वस्त कॉम्प्युटर यायचे होते. १९६२ मध्ये पेटंट फक्त १५,००० डॉलरला विकलं गेलं. १९६३ मध्ये सिल्व्हर वारले, वय अवघं ३८.

वुडलँड आयबीएममध्ये होते. तिथे जॉर्ज लॉरर यांनी आजचा उभ्या रेघांचा किराणा-कोड आखला, त्या कामात वुडलँडही होते. २६ जून १९७४ ला ओहायोतल्या ट्रॉय गावी च्युइंगगमचं पाकीट स्कॅन झालं. वाळूतल्या रेघांना तोवर पाव शतक उलटलं होतं. सिल्व्हरना मात्र तो दिवस दिसला नाही. वुडलँड २०१२ मध्ये गेले.

तेव्हा प्रोजेक्टचं लेबल प्रिंट करताना दोन गोष्टी सांभाळा. बाजूची कोरी जागा कापू नका आणि चित्र ओढून ताणू नका. रेघांच्या जाडीतच सगळा मजकूर आहे. आणि एखादी कल्पना आज चालली नाही, तर ती वही फेकून देऊ नका!