पापळचे पंजाबराव

डॉक्टर पंजाबराव देशमुख यांचे नाव ज्यास ठाऊक नाही असा मनुष्य वऱ्हाडात विरळाच. दिल्लीस १९५२ पासून १९६२ पर्यंत ते शेतकी खात्याचे मंत्री होते, व त्या पदाचीच कीर्ती लोकांच्या तोंडी अधिक आहे. परंतु आज आम्ही वाचकांपुढे त्यांच्या चरित्रातील एक धाकटे पान ठेवितो. ते म्हणजे १९२८ साली अमरावती जिल्हा कौन्सिलचे अध्यक्ष म्हणून झालेली त्यांची निवड होय.

त्यांचा जन्म अमरावती जिल्ह्यातील पापळ या खेड्यात २७ डिसेंबर १८९८ रोजी एका शेतकरी घराण्यात झाला. वडील शामराव, आई राधाबाई. गावची शाळा संपताच पुढील इयत्तांसाठी मुलास घर सोडावे लागले. चांदूर, कारंजा, अमरावती असे करीत ते पुण्याच्या फर्ग्युसन कॉलेजात पोहोचले. १९२० साली ते विलायतेस गेले. एडिंबरो व ऑक्सफर्ड येथे त्यांनी संस्कृत विद्येचा अभ्यास केला, वेदवाङ्मयातील धर्माच्या उगमावर प्रबंध लिहून डॉक्टर झाले, व बॅरिस्टर होऊन १९२६ साली परतले. एवढी विद्या घेऊन आलेल्या मनुष्याने मुंबईस किंवा नागपुरास वकिली थाटली असती तर त्यास कोणी बोल लाविला नसता. ते अमरावतीसच राहिले.

आता जिल्हा कौन्सिल म्हणजे काय, हे तरुण वाचकांस सांगितले पाहिजे. खेड्यांतील प्राथमिक शाळा, रस्ते, विहिरी व दवाखाने यांचा कारभार तेव्हा या मंडळाकडे असे. शाळा कोठे काढावी, मास्तर कोणास नेमावे, हे तेथे ठरे. म्हणजे पाटीवर पहिले अक्षर काढणाऱ्या मुलाचा खरा धनी तेथे बसलेला असे, लाटसाहेबाच्या बंगल्यात नव्हे. अशा जागी तिशीही न ओलांडलेला शेतकऱ्याचा मुलगा निवडून आला.

निवडून आलेला मनुष्य सहसा मतदारांस गोड लागेल तेच करितो. पंजाबरावांनी उलट केले. प्राथमिक शिक्षण सक्तीचे व्हावे असा त्यांचा आग्रह होता. त्यास पैसा हवा, म्हणून त्यांनी कर वाढविला. हा भार मुख्यत्वे कुणब्यांवर, म्हणजे त्यांच्या स्वतःच्याच माणसांवर पडणार होता. ज्याची पऱ्हाटी पावसाने बुडाली आहे व ज्याच्या दारी सावकार उभा आहे, त्यास मुलाच्या शाळेसाठी आणखी पैसे मागणे ही सोपी गोष्ट नव्हे. हे करण्यास मताची भीती सोडावी लागते.

दुसरे काम विहिरींचे. सार्वजनिक विहिरी अस्पृश्य मानलेल्या लोकांस खुल्या करण्याचे त्यांनी मनावर घेतले. आदल्याच वर्षी, १९२७ साली, अमरावतीच्या अंबादेवीच्या देवळात या लोकांस प्रवेश मिळावा म्हणून झालेल्या चळवळीतही ते पुढे होते. आमच्या मंडळ्यांतील पुष्कळ कुटुंबांच्या आज्या-पणज्यांनी काठावरून दूर उभे राहून, कोणी वरून ओतील तेवढेच पाणी घागरीत घेतले आहे. कौन्सिलच्या हुकुमाने गावचे मन एका दिवसात पालटत नाही, हे आम्ही जाणतो. तथापि पाणी भरू पाहणाऱ्या बाईच्या बाजूस निदान हुकूम तरी असावा लागतो, व तो आणणारा कोणी खुर्चीवर असावा लागतो.

अध्यक्षपणाचे दिवस फार नव्हते. १९३० साली ते मध्यप्रांत-वऱ्हाडच्या कायदे कौन्सिलात निवडून गेले व शिक्षणमंत्री झाले. १९३३ साली ते पद त्यांनी सोडले. मध्यंतरी १९३२ साली अमरावतीस श्री शिवाजी शिक्षण संस्था त्यांनी उभी केली. पुढे घटना समितीतही ते बसले. पत्नी विमलाबाई या दुसऱ्या जातीच्या. तो विवाह १९२७ सालचा, व तेव्हा अशा विवाहाची किंमत मोजावी लागे.

१० एप्रिल १९६५ रोजी दिल्लीस त्यांचे देहावसान झाले. चार वर्षांनी, १९६९ साली, अकोल्यास शेतकी विद्यापीठ निघाले, त्यास त्यांचेच नाव दिले गेले.