केनेडींच्या पाठीतली प्लेट

जॉन एफ. केनेडी म्हटलं की आपल्याला आठवतो तो चंद्रावर माणूस पाठवायचं स्वप्न बघणारा, हसतमुख, तरुण अमेरिकन अध्यक्ष. पण हा माणूस रोज कमरेला पट्टा आवळून ऑफिसात जायचा, हे किती जणांना माहीत आहे? माझ्या मावशीचा कमरेचा मणका सरकला आणि डॉक्टरांनी ऑपरेशन सुचवलं, तेव्हापासून मी या विषयावर वाचू लागलो आणि केनेडींपर्यंत पोचलो.

जन्म १९१७ चा, घर गडगंज श्रीमंत. १९४१ साली पाठीच्या दुखण्यामुळे आर्मीने नाकारलं, तरी वडिलांच्या ओळखीने नेव्हीत शिरले. ऑगस्ट १९४३ मध्ये सॉलोमन बेटांजवळ जपानी युद्धनौकेने त्यांच्या पीटी-१०९ बोटीचे दोन तुकडे केले. भाजलेल्या सहकाऱ्याच्या लाइफ जॅकेटचा पट्टा दातात धरून केनेडी तासन्‌तास पोहत बेटावर पोचले. मूळची दुखरी पाठ आणखी बिघडली.

१९४४ मध्ये पहिलं ऑपरेशन झालं, उपयोग झाला नाही. ऑक्टोबर १९५४ मध्ये न्यूयॉर्कला दुसरं. यात कमरेचा शेवटचा मणका आणि त्याखालचं त्रिकास्थी (सॅक्रम) यांच्या भागात धातूची प्लेट बसवून हाडं जोडायची होती. याला फ्यूजन म्हणतात. केनेडींचा मणका सरकलेला नव्हता, पण सरकलेल्या मणक्यावरचं ऑपरेशन याच जातीचं. दबलेली नस मोकळी करायची, दोन मणक्यांमध्ये हाडाचे तुकडे भरायचे आणि स्क्रू-रॉडने पकडून ठेवायचं. आम्हा सिव्हिलवाल्यांच्या भाषेत सांगायचं तर धातू म्हणजे सेंट्रिंग. खरा स्लॅब म्हणजे नवीन वाढणारं हाड. ते जुळलं नाही, तर धातू एकटा किती दिवस लोड घेणार? कधीतरी स्क्रू ढिला होणार किंवा रॉड तुटणार.

केनेडींना ॲडिसन्स डिसीज होता, त्यामुळे ऑपरेशन जिवावरचं होतं. झालंही तसंच. इन्फेक्शन झालं, कोमात गेले, धर्मगुरूंना बोलावून शेवटचे विधी झाले. त्यातून वाचले, पण जखम बरी होईना. शेवटी फेब्रुवारी १९५५ मध्ये प्लेट काढून टाकावी लागली. अंथरुणावर पडल्या पडल्या त्यांनी 'प्रोफाइल्स इन करेज' या पुस्तकाचं काम केलं. त्याला १९५७ चं पुलित्झर मिळालं. त्याच वर्षी पाठीत पुन्हा पू झाला आणि चौथ्यांदा ऑपरेशन करावं लागलं!

अध्यक्ष झाल्यावर १९६१ च्या अखेरीस डॉ. हान्स क्राउस यांनी त्यांना नियमित व्यायामाला लावलं. चार ऑपरेशनांनी जे साधलं नाही, ते स्नायू बळकट झाल्यावर बरंचसं साधलं. पट्टा मात्र सुटला नाही. २२ नोव्हेंबर १९६३ ला डॅलसमध्ये गोळ्या लागल्या, तेव्हाही तो कमरेला होताच.

याचा अर्थ ऑपरेशन वाईट असा मुळीच नाही. आजचे स्क्रू आणि ॲंटिबायोटिक्स तेव्हापेक्षा खूप पुढे गेलेत. पायातली ताकद कमी होत असेल किंवा लघवीवरचा ताबा जात असेल, तर थांबणं धोक्याचं. पण नुसतं दुखत असेल, तर बहुतेकांना आधी व्यायामाचीच वाट दाखवतात. तेव्हा मित्रांनो, रात्र रात्र शीटवर वाकून बसता, मधूनमधून उठून पाठ सरळ करा. देवाने दिलेल्या मणक्यांना रिप्लेसमेंट गॅरंटी नाही!