निनावी रक्ताचे ऋण

दरवर्षी २८ जुलैला जागतिक हिपॅटायटिस दिन पाळला जातो. २०१८ साली याच तारखेला केंद्र सरकारने व्हायरल हिपॅटायटिस नियंत्रणाचा राष्ट्रीय कार्यक्रम सुरू केला. ही तारीख बरूक ब्लमबर्ग यांच्या जन्माची. त्यांचे नाव आपल्याकडे फारसे कोणाच्या ओठांवर नसते. मात्र देशात जन्मणाऱ्या प्रत्येक बालकाला मिळणाऱ्या एका लशीमागे त्यांचे आयुष्य उभे आहे.

ब्लमबर्ग यांचा जन्म १९२५ साली न्यूयॉर्कमध्ये झाला. दुसऱ्या महायुद्धात ते अमेरिकी नौदलात अधिकारी होते. भौतिकशास्त्राची पदवी आणि गणिताचा अभ्यास यानंतर, वडिलांच्या सूचनेवरून ते वैद्यकाकडे वळले. विद्यार्थिदशेतच ते सुरीनाममधील मोएंगो या खाणवस्तीत काही महिने राहिले. आफ्रिका, जावा आणि हिंदुस्थानातून मजुरीसाठी नेलेल्यांचे वंशज तेथे काम करत होते. एकाच वस्तीत राहूनही हत्तीरोगाची बाधा सर्वांना सारखी होत नाही, हे त्यांनी पाहिले. एकच रोग माणसामाणसांत भेद का करतो, हा प्रश्न तेथून त्यांच्या सोबतीला आला. पुढे न्यूयॉर्कच्या बेलव्ह्यू या सार्वजनिक रुग्णालयात त्यांनी गरिबांची सेवा केली आणि ऑक्सफर्डमधून जीवरसायनशास्त्रात डॉक्टरेट मिळवली.

हिपॅटायटिसचा विषाणू शोधायला ते निघालेच नव्हते. माणसांच्या रक्तातील आनुवंशिक फरक अभ्यासण्यासाठी ते देशोदेशींचे नमुने गोळा करत होते. १९६३ मध्ये, वारंवार रक्त घ्यावे लागलेल्या एका हिमोफिलिया रुग्णाच्या रक्तद्रवाची एका ऑस्ट्रेलियन आदिवासीच्या रक्तद्रवाशी प्रतिक्रिया झालेली दिसली. या अनोळखी घटकाला ‘ऑस्ट्रेलिया अँटिजेन’ असे नाव पडले. तो हिपॅटायटिस बी विषाणूचाच अंश आहे, हे उमगायला आणखी काही वर्षे गेली. १९६७ मध्ये प्रयोगशाळेतील सहकारी बार्बरा वर्नर यांना बरे वाटेनासे झाले. त्यांनी स्वतःचेच रक्त तपासले आणि त्यात तो अँटिजेन सापडला. त्यानंतर रक्तपेढ्यांत तपासणी सुरू झाली. १९६९ मध्ये ब्लमबर्ग आणि अर्विंग मिलमन यांनी लशीची पद्धत मांडली. १९७६ साली ब्लमबर्ग नोबेलचे मानकरी ठरले आणि १९८१ मध्ये अमेरिकेत लशीला परवाना मिळाला. यकृताचा कर्करोग टाळणारी म्हणून ती कर्करोगाविरुद्धची पहिली लस मानली जाते.

भारताशीही त्यांचा संबंध आला. महाराष्ट्रातही काविळीवर दिली जाणारी भुईआवळी त्यांनी मद्रासमधील संशोधकांसह कसोटीला लावली. १९८८ मध्ये प्रसिद्ध झालेले निष्कर्ष आशादायक होते. पुढच्या चाचण्यांत मात्र तो परिणाम टिकला नाही. या प्रकरणातून मला दोन गोष्टी दिसतात. लोकज्ञानाला त्यांनी तुच्छ लेखले नाही आणि पुराव्यातून सूटही दिली नाही. आपल्या धोरणकर्त्यांना हा समतोल अजून साधायचा आहे.

लस निघाली, पण ती गरिबाच्या घरी पोहोचायला दशके लागली. १९९७ मध्ये हैदराबादच्या शांता बायोटेक्निक्सने देशी रिकॉम्बिनंट लस बाजारात आणली आणि किमती उतरू लागल्या. २००२च्या सुमारास सरकारी लसीकरणात तिचा प्रायोगिक समावेश झाला. संपूर्ण देशासाठी ती खुली झाली २०११ मध्ये. त्याच वर्षी ५ एप्रिलला, वयाच्या ८५व्या वर्षी, कॅलिफोर्नियातील नासाच्या संशोधन केंद्रात एका परिषदेत भाषण केल्यानंतर ब्लमबर्ग यांचे निधन झाले.

त्याआधी जन्मलेल्यांचे काय, हा आजचा प्रश्न आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२४च्या अहवालानुसार भारतात सुमारे ३ कोटी लोक हिपॅटायटिस बीसह जगत आहेत. जगभरातील अशा रुग्णांपैकी जेमतेम १३ टक्क्यांचे निदान झाले आहे आणि सुमारे ३ टक्क्यांनाच उपचार मिळतात. टेनोफोविरसारखे औषध सरकारी कार्यक्रमात मोफत आहे. तरीही उत्तर भारतातील एका जिल्हा रुग्णालयाच्या व्हरांड्यात भेटलेला वीटभट्टीवरचा मजूर मला विसरता येत नाही. त्याच्या हातात ‘पॉझिटिव्ह’ लिहिलेला कागद होता. रक्तातील विषाणूचे प्रमाण मोजणारी तपासणी दूरच्या शहरात होणार होती, म्हणजे दोन दिवसांची मजुरी बुडणार होती. आजार मुकादमाला कळला तर काम जाईल, ही भीती वेगळीच. औषध फुकट होते. औषधापर्यंतची वाट फुकट नव्हती.

ही वाट छोटी करणे अशक्य नाही. तपासणीचा नमुना प्रवास करू शकतो. रुग्णाने करण्याची गरज नाही. प्रत्येक गर्भवतीची चाचणी आणि बाळाला जन्मल्यापासून २४ तासांच्या आत लशीचा पहिला डोस, मग प्रसूती घरी का झालेली असेना, हे आशाताईंच्या मदतीने साधता येते. २००९ मध्ये गुजरातमधील मोडासा येथे पुन्हा वापरलेल्या सुयांनी अनेकांचे जीव घेतले; तो धडा प्रत्येक खासगी दवाखान्यात पोहोचायला हवा. शिवाय २०१७च्या कायद्याने एचआयव्हीबाधितांना भेदभावाविरुद्ध जे संरक्षण दिले, ते हिपॅटायटिस बीच्या रुग्णांना नाही. ही उणीव संसदेलाच भरून काढावी लागेल.

ज्याच्या रक्ताने हा शोध लावला, त्या आदिवासी माणसाचे नाव जगाला ठाऊक नाही. ऑस्ट्रेलियातील आदिवासींत हा आजार आजही इतरांपेक्षा अधिक आहे. विज्ञानाला ज्यांनी दिले, त्यांच्याच पदरी ते सर्वांत शेवटी पडले. ब्लमबर्ग यांच्या जयंतीदिनी आपण कार्यक्रम सुरू केला, हे उचितच झाले. व्हरांड्यातला तो मजूर आपल्याच गावी औषध घेऊन दुसऱ्या दिवशी कामावर जाऊ लागेल, तेव्हा हे ऋण फिटू लागले असे मी मानेन.