डॉ. जॉन्सन व इंग्रजी शब्दांचें स्पेलिंग

‘रिसीट’ म्हणजे पावती या शब्दांतील ‘पी’ गाळल्याबद्दल ज्याच्या वहींत तांबडी रेघ पडली नाहीं असा विद्यार्थी विरळाच! तोच विद्यार्थी पुढें सावध होऊन ‘डिसीट’ म्हणजे फसवणूक या शब्दांत ‘पी’ घालतो व पुन्हां चुकतो. वास्तविक दोन्ही शब्द ‘घेणें’ या अर्थाच्या एकाच लॅटिन धातूपासून झालेले. फ्रेंच भाषेंतून येतां येतां त्यांतील ‘पी’ लोपला. पुढें विद्वानांनीं मुळाकडे पाहून तो दोहोंतही लिहून पाहिला, पण एकांतच टिकला. ही विसंगति ज्यांनीं समजून उमजून आपल्या कोशांत ठेविली, त्या थोर पुरुषाचें चरित्र आम्हीं येथें थोडक्यांत देत आहों.

सॅम्युएल जॉन्सन यांचा जन्म इंग्लंडांतील लिचफील्ड गांवीं १७०९ सालीं झाला. वडील पुस्तकें विकीत. बालपणींच गंडमाळेच्या विकारानें जॉन्सन यांची दृष्टि अधू झाली. तरी त्यांचें वाचन कधीं खुंटलें नाहीं. १७२८ सालीं ते ऑक्सफर्डास गेले, परंतु दारिद्र्यामुळें सुमारें वर्षभरांतच पदवीवांचून परतले. पुढें काढलेली शाळाही चालली नाहीं. शेवटीं १७३७ सालीं त्यांनीं लंडनची वाट धरिली.

१७४६ सालीं कांहीं पुस्तकविक्रेत्यांनीं त्यांजकडे इंग्रजी कोशाचें काम सोंपविलें. तीन वर्षांत तें पुरें करूं असें त्यांस वाटलें. लागलीं जवळजवळ नऊ! ग्रंथ वाचून ते योग्य वाक्यांखालीं खुणा करीत आणि सहा मदतनीस तीं वाक्यें चिठ्ठ्यांवर उतरून घेत. १७५२ सालीं पत्नी निवर्तली, तरी दुःख गिळून त्यांनीं काम तडीस नेलें. १७५५ सालीं बेचाळीस हजारांहून अधिक शब्दांचा कोश दोन खंडांत प्रसिद्ध झाला.

त्या काळीं एकच शब्द लोक नाना प्रकारें लिहीत. जॉन्सन यांस मनांत आणून सर्व शब्द एका सांच्यांत बसवितां आले असते. परंतु बहुजनांत जें रूढ आहे तें उगाच मोडूं नये, असें त्यांचें मत होतें. म्हणून ‘रिसीट’ व ‘डिसीट’ त्यांनीं जसे होते तसेच राखिले. ‘फॅन्सी’ आणि ‘फँटम’ हे एकाच ग्रीक कुळांतले. पण पहिल्यास ‘एफ्’ व दुसऱ्यास ‘पी-एच्’ हाही भेद त्यांनीं राहूं दिला. मौज ही कीं, अशा बेजोड जोड्या त्यांनीं स्वतःच प्रस्तावनेंत उघड मांडल्या आहेत. कांहीं ठिकाणीं मात्र नजरही चुकली: ‘अपहिल’ या शब्दास दोन ‘एल्’, तर ‘डाउनहिल’ यास एकच!

भाषेस कायमची स्थिर करावी अशी त्यांची आरंभीं आशा होती. काम संपतां संपतां ती व्यर्थ असल्याचें त्यांनीं मोकळ्या मनानें लिहिलें. एका बाईनें घोड्याच्या पायासंबंधींच्या एका शब्दाचा अर्थ चुकीचा कां दिला असें विचारिलें, तेव्हां निव्वळ अज्ञानामुळें, असें त्यांनीं सांगून टाकिलें.

१७८४ सालीं ते निवर्तले व वेस्टमिन्स्टर ॲबींत त्यांचें दफन झालें. आमच्या बालमित्रांनीं यापुढें अवघड स्पेलिंग दिसतांच त्रासून न जातां त्या शब्दाचें कूळ विचारावें. आणि चूक झालीच, तर ती जॉन्सन यांच्याप्रमाणें निःसंकोच कबूल करावी. पालकांनींही तांबड्या रेघा पाहून मुलांवर रागावण्यापूर्वीं एवढें स्मरावें, कीं कोशकारही चुकले होते.