बासरीला मैफलीत बसवणारे गुरुजी : पं. पन्नालाल घोष



आमच्या हुडकेश्वरला तान्ह्या पोळ्याला पोरं लाकडी बैल सजवून निघतात आणि घरी येताना हातात फुगा नाहीतर बासरी असतेच. अशीच एक बासरी एका विद्यार्थ्याने वर्गात आणली आणि विचारलं, की हे खेळणं आहे की वाद्य? शंभर वर्षांपूर्वी हा प्रश्न मोठ्यांनाही पडला असता. बासरी तेव्हा लोकगीतं आणि हलक्याफुलक्या गाण्यांपुरतीच होती. शास्त्रीय मैफलीत तिला स्वतंत्र जागा नव्हती. ती जागा मिळवून दिली पं. पन्नालाल घोष यांनी.

त्यांचा जन्म १९११ साली बारीसाल इथे झाला. हे गाव आता बांगलादेशात आहे. खरं नाव अमलज्योती. वडील सतार वाजवायचे, त्यामुळे सूर घरातच होते. पन्नालाल तरुणपणी व्यायाम आणि मुष्टियुद्धातही तरबेज होते. पुढे कोलकात्यात न्यू थिएटर्स या चित्रपट कंपनीच्या वाद्यवृंदात ते वाजवू लागले. तिथे पगार होता, पण त्यांच्या मनात एक अडचण सलत होती.

अडचण अशी, की लहान बासरीचा आवाज उंच आणि बारीक. ख्याल गायकीतला संथ, खर्जातला आलाप तिच्यातून येणार कसा? पन्नालालांनी वेगवेगळ्या लांबीच्या बासऱ्या करून पाहिल्या. शेवटी सुमारे ३२ इंच लांबीची बांबूची बासरी पक्की केली. आपल्या वर्गातल्या ३० सेंटिमीटरच्या अडीच पट्ट्यांपेक्षाही लांब, बरं का! तीव्र मध्यम नीट यावा म्हणून त्यांनी सातवं छिद्रही पाडलं. आता बासरीतून माणसाच्या गळ्यासारखी मींड निघू लागली.

१९४० मध्ये ते मुंबईला आले. १९४२ च्या ‘बसंत’ चित्रपटाला संगीतकार म्हणून त्यांचं नाव लागलं. त्यातली गाणी त्यांच्या पत्नी पारुल घोष यांनीही गायली. नाव झालं, काम मिळालं. दुसरा कोणी इथेच थांबला असता.

पण १९४७ मध्ये, वयाच्या छत्तिसाव्या वर्षी, पन्नालाल पुन्हा विद्यार्थी झाले. मैहरच्या उस्ताद अल्लाउद्दीन खाँ यांच्याकडे शिकायला बसले. खाँसाहेब स्वतः सरोद, व्हायोलिन, क्लॅरिनेट अशी कितीतरी वाद्यं शिकलेले. अनाथ मुलांना वाद्यं शिकवून त्यांनी मैहर बँड उभा केला होता. अशा गुरूंपुढे नावाजलेल्या कलाकाराने पहिल्यापासून धडे घेणं सोपं नसतं. मला या चरित्रातला सगळ्यात मोठा प्रसंग हाच वाटतो.

पन्नालाल शिकत होते तसेच शिकवतही होते. त्यांचे शिष्य आणि जावई देवेंद्र मुर्डेश्वर, तसेच व्ही. जी. कर्नाड यांनी ही बासरी पुढच्या पिढीकडे नेली. धाकटे भाऊ निखिल घोष यांनीही मुंबईत १९५६ मध्ये संगीताची शाळा काढली. त्याच वर्षी पन्नालाल दिल्लीला आकाशवाणीच्या राष्ट्रीय वाद्यवृंदाचे संचालक झाले. दीपावली, चंद्रमौली, नूपुरध्वनी असे नवे रागही त्यांनी बांधले.

२० एप्रिल १९६० रोजी हृदयविकाराने त्यांचं निधन झालं. वय होतं फक्त ४८. आज मैफलीत दिसणारी लांब बासरी ही त्यांचीच देणगी.

वर्गात करून पाहा : लहान-मोठ्या पेनांची टोपणं मुलांना फुंकायला सांगा. लांब टोपणाचा आवाज खालचा, आखूड टोपणाचा वरचा. पन्नालालांच्या बासरीचं गुपित मुलांना आपोआप कळेल.

आणि त्या विद्यार्थ्याला मी काय सांगितलं? बासरी खेळणं आहे की वाद्य, हे बासरी ठरवत नाही. ती हातात धरणारा किती शिकायला तयार आहे, त्यावर ते ठरतं. हे त्याच्याइतकंच आपल्या शिक्षकांनाही लागू आहे, नाही का?