थोडक्यात गोडी : गुनपेई योकोई यांचे जीवन

चरित्र म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे संत, राजे, देशभक्त आणि साहित्यिक उभे राहतात. नरसीच्या नामदेवांच्या परिसरात वाढलेल्या आपणांस ते स्वाभाविकच आहे. मग महाविद्यालयाच्या वार्षिक अंकात एका जपानी खेळणी करणाऱ्या माणसाचे चरित्र कशासाठी, असा प्रश्न वाचकांना पडेल. त्याचे उत्तर आमच्या वसतिगृहात आहे.

माझ्या एका मित्राने हातात धरून खेळायचे एक जुने यंत्र विकत घेतले. त्यावर भूमिका घेऊन खेळायचा एक जुना कथाखेळ, ज्याला रोल-प्लेइंग गेम म्हणतात, तो रात्री-रात्री खेळू लागला. आठ दिवसांनी त्याची कुरकुर सुरू झाली. लढाईच्या वेळी चित्र अडखळते, संगीत पातळ वाटते, पडदा इवलासा आहे. मोठ्या यंत्रावरचा खेळ लहान यंत्रावर आणला तर त्याच्याकडून किती अपेक्षा करावी, यावर आमचा बराच वाद झाला. त्या वादाच्या ओघात मी ज्या माणसाच्या आयुष्याकडे वळलो तो म्हणजे गुनपेई योकोई.

योकोई यांचा जन्म १० सप्टेंबर १९४१ रोजी क्योतो शहरात झाला. दोशिशा विद्यापीठात त्यांनी इलेक्ट्रॉनिक्सचे शिक्षण घेतले आणि १९६५ साली ते क्योतोतीलच निन्टेन्डो या कंपनीत नोकरीस लागले. आज हे नाव जगभर परिचित आहे. परंतु त्या काळी ही १८८९ साली स्थापन झालेली, हानाफुदा नावाचे जपानी पत्ते छापणारी कंपनी होती. पत्ते तयार करणाऱ्या यंत्रांची देखभाल करणे, एवढेच या तरुण पदवीधराचे काम होते. यंत्रे सहसा बिघडत नसत, त्यामुळे हाताशी वेळ मोकळा राही. त्या वेळात त्यांनी आपल्या करमणुकीसाठी लांब होणारा, कात्रीसारख्या पट्ट्यांचा एक हात तयार केला. मालक हिरोशी यामाउची यांच्या नजरेस तो पडला आणि योकोईंना बोलावणे आले. आता खरडपट्टी निघणार असे वाटत असतानाच, हे खेळणे विक्रीसाठी तयार करा, असा हुकूम मिळाला. १९६६ साली बाजारात आलेल्या या 'अल्ट्रा हँड'चे दहा लाखांहून अधिक नग खपले. यंत्रांना तेल घालणारा माणूस एका वर्षात खेळण्यांचा रचनाकार झाला.

पुढील काळात त्यांनी केलेल्या खेळण्यांकडे पाहिले म्हणजे त्यांच्या विचाराची दिशा ध्यानात येते. १९६९ सालच्या 'लव्ह टेस्टर'मध्ये दोघांनी हातात हात धरून यंत्राची दोन टोके पकडायची आणि काटा किती सरकतो ते पाहायचे. आत शाळेच्या प्रयोगशाळेत असते तसले, वीजप्रवाह मोजणारे साधे साधन होते. नवीन होती ती केवळ कल्पना. विशी-पंचविशीतल्या मुलामुलींना हात धरण्याचे निमित्त त्यात मिळत होते! पुढे त्यांनी सौरघटांचा उपयोग करून प्रकाशाच्या बंदुकीची खेळणी बनविली. एखादे तंत्र जुने होऊन स्वस्त झाले, त्याचे गुणदोष सर्वांना कळले, म्हणजे त्याला भलत्याच ठिकाणी नव्या कामाला लावायचे, हे त्यांचे जन्मभराचे सूत्र होय. जपानी भाषेत अशा मुरलेल्या तंत्राला सुकलेले म्हणतात. वाळलेल्या खोडाला पालवी फोडण्याचाच हा उद्योग होता, असे म्हणावयास हरकत नाही.

एकदा शिन्कान्सेन या वेगवान आगगाडीच्या प्रवासात त्यांना एक कचेरीतला नोकरदार दिसला. कंटाळलेला तो गृहस्थ कॅल्क्युलेटरची बटणे उगाचच दाबीत बसला होता. अशा मोठ्या माणसालाही चारचौघांत संकोच न वाटता खेळता येईल असे छोटे यंत्र का असू नये, हा विचार त्यांच्या मनात आला. कॅल्क्युलेटर बनविणाऱ्या कंपन्यांच्या स्पर्धेमुळे त्या वेळी एलसीडीचे छोटे पडदे स्वस्त झाले होते. यातूनच १९८० साली 'गेम अँड वॉच' ही खिशात मावणारी मालिका सुरू झाली. तिचे एकूण ४ कोटी ३४ लाख नग विकले गेले. या मालिकेतील १९८२ सालच्या 'डाँकी काँग'साठी त्यांनी अधिकच्या चिन्हाच्या आकाराचे, चार दिशांचे एकच बटण योजिले. आज जगातील खेळांच्या बहुतेक यंत्रांवर डाव्या अंगठ्याखाली ते बटण किंवा त्याचे भावंड असतेच.

आणि मग आला 'गेम बॉय'. २१ एप्रिल १९८९ रोजी तो जपानच्या बाजारात आला. किंमत होती १२,५०० येन. १६० बाय १४४ ठिपक्यांचा पडदा, रंग नाहीत, केवळ चार छटा. पडद्यामागे दिवा नाही. मुख्य स्मृती फक्त ८ किलोबाइट. त्याच वर्षी अमेरिकेत अटारीचे 'लिंक्स' हे रंगीत यंत्र आले आणि १९९० साली सेगाचे 'गेम गिअर', तेही रंगीतच. कागदावर तुलना केली तर गेम बॉयचा टिकाव लागण्याचे कारण नव्हते. परंतु गेम गिअर सहा पेन्सिल सेल चार-पाच तासांत संपवीत असे, तर गेम बॉय चार सेलवर दहा तासांहून अधिक चाले. रंगाचा आग्रह योकोईंनी जाणूनबुजून सोडला होता. खेळण्यात मन रमले म्हणजे खेळणाऱ्याची कल्पनाच रंग भरते, अशी त्यांची श्रद्धा होती. पुढे आलेल्या 'गेम बॉय कलर'सह या यंत्राचे ११ कोटी ८६ लाखांहून अधिक नग विकले गेले.

आता आमच्या वादाकडे वळू. अशा दुबळ्या यंत्रावर दीर्घ कथाखेळ खेळता येतील काय? गेम बॉयच्या पडद्यावर वेगाने हलणारी वस्तू पुसट होत असे. धावण्या-उडण्याच्या खेळांना ही मोठीच अडचण होती. पण कथाखेळाची प्रकृती निराळी. त्यात गावोगाव हिंडायचे, माणसांशी बोलायचे, लढाईतही आपली पाळी आली की विचार करून आज्ञा निवडायची. तेथे वेगापेक्षा वाचनाला महत्त्व आहे. शिवाय हाती यंत्र असल्याने खेळ गाडीत, अंथरुणात, दहा-दहा मिनिटांच्या फुरसतीत पुढे नेता येतो. डिसेंबर १९८९ मध्येच स्क्वेअर या कंपनीने 'माकाई तोशी सागा' हा कथाखेळ गेम बॉयसाठी आणला आणि दहा लाखांचा टप्पा ओलांडणारा तो त्या कंपनीचा पहिला खेळ ठरला. २७ फेब्रुवारी १९९६ रोजी, यंत्र सात वर्षांचे जुने झाले असता, त्यावर 'पोकेमॉन' आला आणि म्हातारे समजले गेलेले यंत्र पुन्हा तरुण झाले. हे खेळ त्या लहान पडद्यासाठीच लिहिले होते, हे मात्र विसरून चालणार नाही.

मोठ्या यंत्रावरचा खेळ जेव्हा लहान यंत्रावर आणतात, तेव्हा खरी कसोटी लागते. पडद्यावर ठिपके कमी म्हणून नकाशाचा थोडाच भाग दिसतो, अक्षरांना जागा पुरत नाही. 'सुपर फॅमिकॉम' या घरगुती यंत्रात ध्वनीसाठी स्वतंत्र व्यवस्था होती. २००१ सालच्या 'गेम बॉय अॅडव्हान्स'मध्ये ते बरेचसे ओझे मुख्य प्रोसेसरवरच पडे. त्यामुळे त्यावर आणलेल्या जुन्या 'फायनल फँटसी' खेळांचे संगीत मुळापेक्षा उणे भासते, आणि त्यांतील चौथ्या भागाच्या लढाया तर मधूनच मंदावतात. येथे माझ्या मित्राची तक्रार अगदीच खोटी नव्हती, हे मला मान्य करावे लागले. लहान यंत्राचे कौतुक म्हणजे निष्काळजी कामाला माफी नव्हे.

योकोईंच्या आयुष्यातही असा एक प्रसंग आला. १९९५ साली त्यांचा 'व्हर्च्युअल बॉय' बाजारात आला. डोळ्यांना लावून पाहायचे, खोलीचा आभास देणारे हे यंत्र. येथेही स्वस्त व परिचित अशा लाल दिव्यांचाच उपयोग केला होता. पण लाल-काळ्या चित्रांनी डोळे शिणत, डोके दुखे. चारचौघांत मिळून पाहण्याची सोय नव्हती, आणि ते टेबलावरच ठेवावे लागे. एक वर्षाच्या आतच ते बंद पडले. साधेपणाने माणसाची सोय वाढली तोवर सूत्र फळले. सोय गेली तेव्हा तेच सूत्र निष्फळ ठरले. १५ ऑगस्ट १९९६ रोजी, एकतीस वर्षांच्या सेवेनंतर, योकोई निन्टेन्डोतून बाहेर पडले. या अपयशामुळेच ते गेले असा सर्वत्र समज झाला. योकोईंनी स्वतः मात्र ते कारण मान्य केले नाही. जाण्यापूर्वी त्यांनी गेम बॉयची सुटसुटीत आवृत्ती 'गेम बॉय पॉकेट' हातावेगळी केली होती.

पंचावन्नाव्या वर्षी माणूस निवृत्तीचे बेत करतो. योकोईंनी 'कोतो' नावाची स्वतःची छोटी कंपनी काढली आणि बांदाई कंपनीसाठी नव्या हातयंत्राची आखणी आरंभिली. ते पूर्ण झालेले पाहणे त्यांच्या नशिबी नव्हते. ४ ऑक्टोबर १९९७ रोजी इशिकावा प्रांतातील महामार्गावर त्यांच्या गाडीची दुसऱ्या वाहनाशी किरकोळ टक्कर झाली. काय झाले ते पाहण्यासाठी ते खाली उतरले आणि मागून येणाऱ्या मोटारीने त्यांना धडक दिली. वयाच्या छप्पन्नाव्या वर्षी त्यांची प्राणज्योत मालवली.

त्यांच्या पश्चात सतरा महिन्यांनी, ४ मार्च १९९९ रोजी, ते यंत्र 'वंडरस्वॉन' या नावाने प्रसिद्ध झाले. दोनच महिन्यांनी, १ मे १९९९ रोजी, परभणीतून वेगळा होऊन आपला हिंगोली जिल्हा अस्तित्वात आला. वंडरस्वॉनची किंमत ४,८०० येन, पडदा कृष्णधवल, आणि एका, केवळ एका पेन्सिल सेलवर ते तीस तास चाले. आडवे किंवा उभे, कसेही धरून खेळावे. त्यांच्याच कल्पनेवर बेतलेल्या, त्याबरोबर आलेल्या एका कोड्याच्या खेळाला त्यांच्या स्मरणार्थ 'गुनपेई' हे नाव देण्यात आले.

९ डिसेंबर २००० रोजी त्याची रंगीत आवृत्ती आली आणि त्याच दिवशी तिच्यावर 'फायनल फँटसी' दाखल झाला. हा मूळचा १९८७ सालचा, घरच्या टीव्हीला जोडून खेळायचा खेळ. तेरा वर्षांनी चित्रे नव्याने रेखाटून तो लहान पडद्यासाठी सिद्ध केला होता. २००१ साली दुसरा भाग व २००२ साली चौथा भाग आला. तिसऱ्याची घोषणा झाली, पण तो त्या यंत्रावर कधी आलाच नाही. जुने कथाखेळ हातयंत्रावर आणताना नुसती नक्कल न करता त्यांची नवी मांडणी करावी लागते, हे ज्या यंत्रांवर दिसून आले त्यांत योकोईंचे हे शेवटचे अपत्यही होते. बाजारात मात्र निन्टेन्डोपुढे, म्हणजे योकोईंच्याच जुन्या कामाच्या वारसापुढे, त्याचा निभाव लागला नाही. माणसाने जन्मभर घडविलेली वस्तूच त्याच्या अखेरच्या वस्तूवर मात करते, यापरते दैवाचे नाट्य कोणते?

मित्रांनो, आपण कलाशाखेचे विद्यार्थी. अभंगाच्या लहानशा चरणांत महाकाव्याचा पसारा नाही, म्हणून कोणी अभंगाला दूषण देत नाही. पण त्यातली एक मात्रा चुकली तर ती कानाला खटकते. लहान यंत्राकडून मोठ्याचा थाट मागू नये, परंतु जे हाती घेतले ते त्याने नेटके पार पाडावे, एवढी अपेक्षा अवश्य करावी. योकोईंच्या चरित्रातून मला मिळालेले आमच्या वादाचे उत्तर हेच आहे. आपणांपैकी पुष्कळांच्या हातात जुना मोबाइल, जुनी पुस्तके आणि तुटपुंजी साधने आहेत. पत्त्यांच्या कारखान्यात यंत्रांना तेल घालणाऱ्या त्या पदवीधराकडे तरी याहून अधिक काय होते?

माझ्या मित्राने तो खेळ अजून सोडलेला नाही. चित्र अडखळले की तो आजही कपाळाला आठ्या घालतो, आणि रात्री पुन्हा यंत्र हातात घेतो.